रुग्णाचं वजन कुणी लिहिलंय का?

इस्पितळाच्या केस पेपरवर ताप, नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन दिवसातून चार वेळा लिहिले जातात. वजनाचा रकाना पुष्कळदा कोराच राहतो, किंवा रुग्णाने आठवून सांगितलेला वर्षापूर्वीचा आकडा तिथे असतो. औषधाचा डोस, भूल आणि आहार हे सगळं ज्या आकड्यावर उभं आहे तोच खरा नसेल, तर पुढचा हिशेब कसा जुळणार?

रुग्णाचं कुपोषण ओळखायला महागडी तपासणी लागत नाही. वजनकाटा, मोजपट्टी, नेमके विचारलेले चार-पाच प्रश्न आणि परत जाणाऱ्या ताटाकडे रोज एक नजर एवढं पुरतं. तरीही ते निसटतं, कारण हे काम ठरावीक कुणाचंच नसतं. डॉक्टरांना वाटतं आहारतज्ज्ञ बघतील, आहारतज्ज्ञांना कळवायचं राहून जातं, आणि ताट उचलणाऱ्या मावशींना कुणी विचारत नाही. वॉर्डात कोण खातंय आणि कोण नाही हे सगळ्यात आधी त्यांनाच ठाऊक असतं.

पहिली पायरी चाळणीची, म्हणजे कुपोषणाचा धोका कुणाला आहे हे पटकन ओळखायची. दाखल झाल्यापासून २४ तासांत ती व्हावी आणि दर आठवड्याला पुन्हा. यासाठी बरीच साधनं आहेत. मोठ्या माणसांसाठी सगळ्यात सुटसुटीत मला ‘मस्ट’ (मालन्यूट्रिशन युनिव्हर्सल स्क्रीनिंग टूल) वाटतं. २००३ साली ब्रिटनमध्ये ते तयार झालं आणि नर्सना पाच मिनिटांत करता येतं. त्यात तीन गोष्टींना गुण असतात. बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, २० च्या वर असेल तर शून्य, १८.५ ते २० असेल तर एक, १८.५ च्या खाली दोन. गेल्या तीन ते सहा महिन्यांत न ठरवता घटलेलं वजन ५ टक्क्यांच्या आत असेल तर शून्य, ५ ते १० टक्के असेल तर एक, १० च्या वर दोन. आणि माणूस गंभीर आजारी आहे, शिवाय पाच दिवसांहून जास्त काळ पोटात काही गेलं नाही किंवा जाण्याची शक्यता नाही, तर थेट दोन. बेरीज दोन किंवा जास्त आली की धोका मोठा. बेरीज एक आली तर तीन दिवस खाण्याची नोंद ठेवायची.

उदाहरण घेऊ. समजा एक ६४ वर्षांच्या बाई आहेत. उंची १५२ सेंटिमीटर, आजचं वजन ५१ किलो. बीएमआय येतो २२. इथेच पुष्कळ जण थांबतात आणि ‘नॉर्मल’ लिहून मोकळे होतात. पण चार महिन्यांपूर्वी त्यांचं वजन ५८ किलो होतं. सात किलो गेले. सातला ५८ ने भागून शंभराने गुणलं की १२ टक्के. मस्टप्रमाणे दोन गुण, म्हणजे मोठा धोका. ‘ग्लिम’ या २०१९ च्या जागतिक निकषांनी बघितलं, तर सहा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त घट ही तीव्र कुपोषणाच्या पायरीत बसते. अंगाने भरलेल्या माणसाचं कुपोषण असंच झाकलं जातं. चरबी दिसत राहते आणि खालचा स्नायू वितळत असतो. त्यामुळे आजच्या वजनाइतकंच पूर्वीचं वजनही विचारून लिहायला हवं.

पूर्वीचं वजन सगळ्यांना सांगता येत नाही. तेव्हा प्रश्न बदलायचा. ‘आजी, बांगड्या हातातून निसटतात काय? ब्लाऊजला आत टाके घालावे लागले?’ पुरुषाला पट्ट्याचं भोक विचारा, कितवं लावत होता आणि आता कितवं लावता. कवळी सैल झाली का, हेही विचारा. जुना ओपीडी पेपर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातलं रक्तदाबाचं कार्ड बहुतेकांच्या पिशवीत असतं, त्यावर वजन सापडतं. ‘जेवण कसं चाललंय?’ असं विचारलंत तर उत्तर येणार ‘बरं आहे’. त्यातून काहीच कळत नाही. ‘काल दुपारी काय खाल्लं? भात किती? घरी असताना याच्या किती पट खात होता?’ असं विचारलं की खरं चित्र पुढे येतं. आणि ‘कधीपासून’ हे दाखल झाल्याच्या तारखेपासून मोजू नका. बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, येणारा रुग्ण पेडण्याचा असो, काणकोणचा असो की सावंतवाडी-दोडामार्गचा, आधी गावचा डॉक्टर, मग म्हापसा किंवा मडगावचं इस्पितळ असा टप्प्याटप्प्याने आलेला असू शकतो. त्याचं खाणं पहिल्या टप्प्याच्याही आधी कमी झालेलं असतं.

वजन घेतानाच्या चुका साध्या असतात, पण आकडा पार बदलतात. काटा सपाट लादीवर हवा, आधी शून्यावर आणलेला हवा. चपला, शाल, खिशातला मोबाइल बाजूला. लघवी करून आल्यावर आणि शक्यतो सकाळी. पुढच्या आठवड्यातही त्याच काट्यावर, त्याच वेळी. प्लास्टर असेल तर तशी नोंद करा. उठून उभं राहता येत नसेल तर खुर्चीचा काटा वापरा, तोही नसेल तर दंडाचा घेर मोजा. खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये खूण करून, हात सैल सोडून पट्टी फिरवायची. पट्टी कातडीला टेकेल इतपतच, आवळायची नाही. घेर २३.५ सेंटिमीटरच्या खाली आला तर बीएमआय २० च्या खाली असण्याचीच शक्यता जास्त. उंचीसाठी झोपलेल्या रुग्णाचा हात खांद्याच्या रेषेत आडवा पसरा. गळ्याखालच्या खळगीच्या मध्यापासून मधलं बोट आणि अनामिका यांच्या बेचक्यापर्यंत मोजा. बाईंसाठी त्या आकड्याला १.३५ ने गुणून ६०.१ मिळवा, पुरुषांसाठी १.४० ने गुणून ५७.८ मिळवा. ७० सेंटिमीटर भरलं तर बाईंची उंची साधारण १५४ ते १५५. पाठीला बाक आलेल्या म्हाताऱ्या माणसात ही उंची उभं करून घेतलेल्या उंचीपेक्षा जास्त विश्वासाची.

पाणी साचलेल्या रुग्णात काटा सरळ फसवतो. जलोदर (पोटात साचलेलं पाणी) किंवा पायांवर सूज असेल तर वजन वाढतं आणि मांडीचा स्नायू गेलेला असतो. ढोबळ अंदाजासाठी जलोदर थोडा असेल तर २.२ किलो, मध्यम ६ आणि मोठा १४ किलो वजा करतात. पायांच्या सुजेसाठी हेच आकडे १, ५ आणि १०. म्हणजे यकृताच्या आजाराचा, काट्यावर ६० किलो भरणारा, मध्यम जलोदर आणि मध्यम सूज असलेला माणूस खरं तर ४९ च्या आसपास आहे. सूज उतरल्यावर त्याचं वजन झपाट्याने घटतं आणि तो अचानक खंगल्यासारखा दिसतो. खंगलेला तो आधीपासूनच होता.

म्हणून हात लावून तपासणं टाळता येत नाही. कानशिलावरचा खळगा, गळ्याच्या हाडाचं पुढे येणं, खांद्याचा गोलवा जाऊन चौकोन होणं, अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग चपटा होणं, मांडीचा पुढचा स्नायू चिमटीत सैल लागणं या जागा पाहायच्या. वजनाची घट, खाण्यातला बदल, पोटाच्या तक्रारी, चालण्या-फिरण्याची ताकद आणि या जागा मिळून एसजीए (सब्जेक्टिव्ह ग्लोबल असेसमेंट) नावाची पद्धत होते. कॅनडातल्या डॉक्टरांनी ती १९८७ मध्ये मांडली. त्यात रुग्णाला अ (पोषण ठीक), ब (मध्यम कुपोषण) किंवा क (तीव्र कुपोषण) गटात टाकतात. शिकलेला हात लागतो, पण एकदा नजर बसली की ती कागदापेक्षा लवकर सांगते. मुठीची ताकद मोजायचं यंत्र असेल तर उत्तमच. आशियाई माणसांसाठी पुरुषात २८ आणि बाईत १८ किलोच्या खाली पकड म्हणजे स्नायू कमजोर. खाणं कमी पडलं की स्नायूचा आकार कमी व्हायच्या आधी त्याची पकड ढिली होते. आठवडाभराची सुधारणा काट्यापेक्षा इथे आधी दिसू शकते, ती यामुळेच.

एक चाचणी मात्र कुपोषण मोजण्यासाठी वापरू नये असं माझं ठाम मत आहे. ती म्हणजे अल्ब्युमिन, यकृतात बनणारं रक्तातलं एक प्रथिन. शरीरात जंतुसंसर्ग किंवा दाह (इन्फ्लमेशन) असला की यकृत अल्ब्युमिन बनवणं कमी करतं आणि ते रक्तवाहिन्यांतून बाहेरही झिरपतं. न्यूमोनियाच्या रुग्णाचा आकडा दोन-तीन दिवसांत पडतो, आणि दोन-तीन दिवसांत कुणी कुपोषित होत नाही. उलट महिनोन्महिने उपाशी असलेल्या, पण संसर्ग नसलेल्या माणसात तो चांगला येऊ शकतो. अल्ब्युमिन कमी म्हणजे आजार जोरात आहे, एवढंच त्यातून घ्यावं. ते वाढवायला बाटली चढवणं हा पोषणाचा उपचार नव्हे.

आता ताट. माझ्या मते सगळी गोष्ट इथे ठरते. प्रत्येक जेवणानंतर चारच खुणा पुरतात: काहीच नाही, पाव, अर्धं, पूर्ण. खाटेच्या पायथ्याशी एक कागद, आणि ताट उचलायच्या आधी ज्याचा हात मोकळा असेल त्याने खूण करायची. नातेवाइकानेही केली तरी चालेल. गरजेच्या निम्म्याहून कमी खाणं आठवडाभर चाललं, तर ग्लिमच्या दोन निकषांपैकी (एक शरीरावरच्या बदलाचा, दुसरा त्याच्या कारणाचा) कारणाचा निकष तिथेच पूर्ण होतो. पण खुणेशेजारी कारण लिहिलं नाही तर कागद निरुपयोगी, कारण उपाय कारणावर ठरतो. तोंड आलंय, तर तिखट बंद करून मऊ आणि गार द्यायचं. कवळी घरी राहिली, तर ती मागवायची. मळमळ आहे, तर जेवणाआधी अर्धा तास औषध द्यायचं. सलाईन उजव्या हाताला आहे आणि भरवणारं कुणी नाही, तर सुई दुसऱ्या हातात घ्यायची किंवा भरवायला माणूस नेमायचा. गिळताना ठसका लागतो, तर तोंडाने काहीही देण्याआधी गिळण्याची तपासणी. ताट आलं तेव्हा माणूस सोनोग्राफीला गेला होता, तर ताट झाकून ठेवायची सोय हवी. हे शेवटचं कारण दिसतं त्याहून बरंच जास्त असतं.

त्यात ‘निल बाय माउथ’ची, म्हणजे तोंडाने काहीही न देण्याच्या सूचनेची, भर पडते. सकाळची तपासणी दुपारी जाते, दुपारची दुसऱ्या दिवशी, आणि रुग्ण रात्रीपासून कोरडा. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी हलकं खाणं सहा तास आणि साधं पाणी दोन तास बंद ठेवलं की बहुतेकांना पुरतं. पोट हळू रिकामं होणारे रुग्ण आणि तातडीच्या शस्त्रक्रिया यांचा निर्णय भूलतज्ज्ञांचा. तपासणी पुढे ढकलली गेली की उपास तिथेच मोडायला हवा, आणि तसं लिहिणारी व्यक्ती आधीच ठरलेली असावी.

‘सलाईन चालू आहे ना, मग ताकद येईल,’ असं नातेवाईक म्हणतात, आणि त्यांना कुणी हिशेब करून सांगत नाही. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत साखर २५ ग्रॅम, म्हणजे ८५ कॅलरी. साध्या मिठाच्या सलाईनमध्ये शून्य. शहाळ्याचंही तसंच. २५० मिलिलिटर पाण्यातून ५० कॅलरींच्या आसपास मिळतात आणि प्रथिनं जवळजवळ नाहीत. शिवाय पोटॅशियम भरपूर, त्यामुळे मूत्रपिंडाच्या रुग्णाला विचारल्याशिवाय देऊच नये. शहाळं आणणाऱ्याची माया खरी असते. त्याला उकडलेलं अंडं किंवा घट्ट दही आणायला सांगा.

गरज किती, तर साधारण दर किलो वजनामागे दिवसाला २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. वरच्या ५१ किलोच्या बाईंना १३०० ते १५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. कॅलरी भाताने भरून निघतात, प्रथिनं अडतात. दोन अंड्यांतून १२ ते १३ ग्रॅम, ४०० मिलिलिटर दुधातून १३, काटे काढलेल्या ८० ग्रॅम मासळीतून १५, दोन वाट्या घट्ट वरणातून १२ ते १४, आणि दिवसभराच्या १५० ग्रॅम तांदळाच्या भातातून ११. बेरीज ६३ च्या पुढे जाते. यातलं एक गळलं तरी गणित कोसळतं. श्रावणात चतुर्थी होईपर्यंत मासळी-अंडं न खाणारे रुग्ण असतात, सोमवार-गुरुवार पाळणारे असतात. हे पहिल्याच दिवशी विचारून अळसांदे, मूग, पनीर, दही यांनी ती जागा भरावी. वरण पातळ असेल तर वाटीत डाळ १० ग्रॅमही नसते, हे ताट बघणाऱ्याने चमचा फिरवून पाहावं.

आपल्याकडे आजाऱ्याला पहिली आठवते ती पेज, आणि उकड्या तांदळाची गरम पेज तोंडाला चव आणते हे खरंच. पण वाटीभर पातळ पेजेत तांदूळ २० ग्रॅम असतो, म्हणजे ७० कॅलरी आणि दीड ग्रॅम प्रथिनं. दिवसभर तीच दिली तर रुग्ण जेवतो असं दिसतं आणि खंगत जातो. त्याच वाटीत चमचाभर तूप आणि १५ ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे, साय काढलेल्या दुधाची पावडर घातली तर १७० कॅलरी आणि साडेसहा ग्रॅम प्रथिनं होतात. पावडर उकळत्या पेजेत टाकली तर गुठळ्या होतात. आधी कोमट पाण्यात कालवून, पेज खाली उतरवल्यावर मिसळायची. आमसुलाचा किंवा लोणच्याचा खार त्यात पडला तर दूध फाटतं, तेव्हा ते वेगळं चाटवा. दूध चालत नसेल तर तांदळाबरोबर मुगाची डाळ शिजवा. नाचणीचं तिजनही याच पद्धतीने, पाण्याऐवजी दुधात. मासळीत मुडदुशी आजाऱ्याला द्यायची जुनी रीत चांगली आहे, मऊ असते आणि लवकर पचते. सुकी मासळी मात्र हृदयाच्या आणि जलोदराच्या रुग्णाला नको, मीठ फार.

यकृताच्या रुग्णाची प्रथिनं ‘डोक्यावर परिणाम होईल’ म्हणून तोडायची पद्धत अजून दिसते. ती सोडायला हवी. त्यांनाही १.२ ते १.५ ग्रॅमच लागतात, आणि रात्री झोपण्याआधी काहीतरी खायलाच हवं, कारण यकृतात साखरेचा साठा उरत नाही आणि रात्रभराच्या उपासात शरीर स्नायू जाळतं. वॉर्डात संध्याकाळचं जेवण सातला आणि नाश्ता आठला, म्हणजे मध्ये १३ तास. मधुमेहाच्या रुग्णातही वजन घटत असेल तर साखर औषधाने आणि इन्सुलिनने आटोक्यात आणावी, ताट कापून नव्हे.

सगळ्यात जपून चालायची जागा म्हणजे फार दिवस उपाशी असलेल्याला पहिलं जेवण. दहा दिवसांहून जास्त जवळजवळ काही न खाल्लेला, बीएमआय १६ च्या खाली असलेला, तीन ते सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून जास्त वजन गेलेला, किंवा आधीच पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम कमी असलेला रुग्ण यात येतो. पाच दिवसांच्या उपासाबरोबर दारूचं जुनं व्यसन असलेलाही येतो. उपासात पेशींतले क्षार संपत आलेले असतात. अचानक पिठूळ-गोड पोटात गेलं की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं उरलंसुरलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं. हृदयाचा ठोका चुकतो, श्वासाचे स्नायू थकतात. पहिल्या तीन ते पाच दिवसांत हे होतं आणि बरं होणारा माणूस हातचा जातो. म्हणून सुरुवात दर किलोमागे १० कॅलरींनी, अगदी खालावलेल्याला ५ ने, आणि चार ते सात दिवसांत हळूहळू पूर्ण गरजेपर्यंत. थायमिन (ब१ जीवनसत्त्व) खाण्याच्या आणि ग्लुकोजच्या आधी सुरू करायचं, दिवसाला २०० ते ३०० मिलिग्रॅम, दहा दिवस. नेहमीच्या सोडियम-पोटॅशियमच्या तपासणीत फॉस्फेट येईलच असं नाही. ते वेगळं लिहून मागावं लागतं, आणि रोज.

नळीने भरवताना डोकं ३० ते ४५ अंश वर, आणि भरवून झाल्यावर अर्धा-पाऊण तास तसंच. नळी जागेवर आहे याची खात्री एक्स-रेने किंवा नळीतून ओढलेल्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप) ५.५ पर्यंत आहे हे पाहून. पोटावर स्टेथोस्कोप ठेवून हवेचा आवाज ऐकणं पुरेसं नाही. आधी आणि नंतर ३० मिलिलिटर पाणी. घरून आणलेलं मिक्सरमधलं पातळ करून गाळलं की नळी तुंबत नाही, पण कॅलरी निम्म्यावर येतात. त्यात तेल आणि दुधाची पावडर मोजून घालावीच लागते. डब्यातली पावडर असेल तर डब्यावरच्या मापानेच कालवा. महाग म्हणून मोठ्या ग्लासात एकच चमचा घातला तर पैसे जातात आणि पोषणही मिळत नाही.

एवढं करून फरक पडतो का? स्वित्झर्लंडमधल्या आठ इस्पितळांत २,०८८ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. धोका दिसलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना त्यांच्या गरजेप्रमाणे मोजून आहार दिला, बाकीच्यांना नेहमीचं इस्पितळाचं जेवण. ३० दिवसांत नेहमीच्या गटात शंभरातले १० गेले, मोजून दिलेल्या गटात ७. सुरुवातीला वापरलं होतं साधं ताट, जास्तीचे छोटे खुराक आणि प्यायच्या पावडरी. नळी आणि शिरेतलं पोषण फार थोड्यांना लागलं.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर चार ओळी हव्यात: दाखल होतानाचं वजन, आजचं वजन, रोजची प्रथिनं ग्रॅममध्ये आणि ती कशातून घ्यायची ते घरच्या भाषेत, आणि पुन्हा वजन करायची तारीख. ही तारीख दोन आठवड्यांच्या आतली असावी आणि जागा घराजवळच्या आरोग्य केंद्राची, कारण बांबोळीची पुढची ओपीडी महिन्याने असेल तर तोवर आणखी तीन किलो गेलेले असू शकतात. क्षयाच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे १,००० रुपये मिळतात. बँक खात्याचा तपशील नोंदला गेलाय का, हे त्याच वेळी विचारून घ्यावं. आणि स्वयंपाक जो करतो त्यालाच हे सगळं सांगावं, रुग्णाला घ्यायला गाडी घेऊन आलेल्या पुतण्याला नव्हे.